२५.७ जीबी की १०२.७ जीबी? बीडच्या एका खरिपाचा हिशेब

बीड जिल्ह्याच्या एका खरीप हंगामाची उपग्रह-चित्रे साठवायला २५.७ जीबी जागा पुरते. तेवढीच चित्रे, त्याच तारखा, तेच चार बँड; फक्त अंक कोणत्या प्रकारात साठवायचे ही एक सेटिंग आहे तशी राहू दिली, तर १०२.७ जीबी लागतात. जागा चौपट होते, माहिती शून्य टक्के वाढते.

हा फरक पैशांचा आणि वेळेचा आहे, म्हणून तो लवकर लक्षात येतो. डेटा विश्लेषणाच्या पाइपलाइनमध्ये याहून लहान दिसणाऱ्या चार-पाच सेटिंग अशा आहेत, की त्या जागा वाढवत नाहीत, काम थांबवत नाहीत, त्रुटीचा संदेशही दाखवत नाहीत. त्या थेट तालुक्याचा आकडा बदलतात. कोरडवाहू जिल्ह्यात असा आकडा दुष्काळाच्या यादीपर्यंत आणि विम्याच्या रकमेपर्यंत जाऊ शकतो.

आधी २५.७ जीबीची फोड. बीडचे क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर, म्हणजे १०,६९,३०० हेक्टर. युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचा सर्वांत बारीक पिक्सेल जमिनीवर १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतो. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेले असते आणि १ आर म्हणजे १०० चौरस मीटर. म्हणून एक पिक्सेल म्हणजे नेमका एक आर. गुंठ्यात मोजायचे तर १०१.१७ चौरस मीटरच्या गुंठ्याचा ९८.८ टक्के भाग. अख्खा जिल्हा १०.६९ कोटी पिक्सेलांचा होतो.

उपग्रहाच्या १३ बँडांपैकी निळा, हिरवा, लाल आणि निकट-अवरक्त हे ४ बँड १० मीटरचे आहेत. प्रत्येक मूल्य १६ बिटांच्या पूर्णांकात, म्हणजे २ बाइटांत बसते. १०.६९ कोटी गुणिले ४ गुणिले २ म्हणजे एका तारखेला ८५.५ कोटी बाइट. दोन उपग्रह मिळून दर ५ दिवसांनी तीच जमीन टिपतात. १ जून ते ३१ ऑक्टोबर या १५३ दिवसांत साधारण ३० फेऱ्या होतात. ८५.५ कोटींना ३० ने गुणले की २,५६६ कोटी बाइट, म्हणजे २५.७ जीबी.

शेवटी हाती काय लागते? बीडमध्ये ११ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याचा प्रत्येक तारखेचा हिरवेपणाचा सरासरी निर्देशांक काढला, तर ११ गुणिले ३०, म्हणजे ३३० आकडे. ते साठवायला २,६४० बाइट लागतात. आत जाणारा डेटा बाहेर येणाऱ्याच्या सुमारे ९७ लाख पट आहे. मधल्या प्रवासात घडते ते एवढ्या प्रमाणात दाबले जाते, की ३३० आकड्यांकडे पाहून चूक ओळखणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून मधल्या सेटिंग तपासाव्या लागतात.

१०२.७ जीबीचे कारण साधे आहे. पायथॉनच्या नमपाय लायब्ररीत १६ बिटांच्या पूर्णांकांचा भागाकार केला, की उत्तर आपोआप ६४ बिटांच्या दशांश अंकात येते. २ बाइटांचे ८ बाइट होतात. ६४ बिटांचा दशांश अंक १५ ते १७ सार्थ अंक जपतो; उपग्रहाचा संवेदक १२ बिटांचा आहे, म्हणजे तो उजेडाच्या फक्त ४,०९६ पायऱ्या ओळखतो. चार आकडी मापाला पंधरा आकडी घर दिले जाते. निर्देशांक १०,००० ने गुणून १६ बिटांच्या पूर्णांकात ठेवला, तर अचूकता ०.०००१ पर्यंत राहते आणि त्याचा पूर्ण हंगाम ६.४ जीबीत बसतो. ६४ बिटांत तोच २५.७ जीबी होतो. खरीप २०१८ ते खरीप २०२५ या ८ हंगामांचे चारही बँड २०५ जीबीत मावतात. ६४ बिटांत ८२१ जीबी, म्हणजे १ टीबीची डिस्क जवळजवळ भरते आणि मधल्या टप्प्यांच्या फायलींना जागा उरत नाही.

त्या मधल्या फायलीच खरा भार असतात. चार बँड, निर्देशांक आणि ढगांचा मुखवटा असे सहा थर ६४ बिटांत ठेवले, तर एका हंगामाला १५४ जीबी. बँड आणि निर्देशांक १६ बिटांत, मुखवटा ८ बिटांत ठेवला, तर ३५.३ जीबी. फरक ४.४ पट.

आता ज्या सेटिंग आकडा बदलतात, त्यांच्याकडे. पहिली सेटिंग गेल्या वर्षीशी तुलना करणाऱ्यांसाठी. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेची ०४.०० ही आवृत्ती लागू झाली आणि तेव्हापासून प्रत्येक साठवलेल्या मूल्यात १,००० अधिक असतात. वाचताना ते वजा करायचे असतात. वजा केले नाहीत तर काय होते, ते एका नमुना पिक्सेलवर पाहू. समजा लाल बँडचे मूल्य ५०० आणि अवरक्तचे ३,०००. निर्देशांक म्हणजे दोहोंतील फरक भागिले बेरीज: २,५०० भागिले ३,५००, उत्तर ०.७१४. आता दोन्हीत १,००० मिळवा. फरक २,५०० च राहतो, बेरीज ५,५०० होते, उत्तर ०.४५५. शेतात एक पानही न बदलता हिरवेपणा ३६ टक्क्यांनी घसरतो. खरीप २०२१ आणि खरीप २०२२ शेजारी ठेवणारा जो तक्ता ही वजाबाकी विसरतो, त्यात अख्ख्या बीडमध्ये दुष्काळ दिसतो.

घोळ इथे संपत नाही. युरोपीय संस्थेने जुनी चित्रेही नव्या आवृत्तीने पुन्हा प्रक्रिया करून दिली आहेत, त्यामुळे २०१९ च्या चित्राच्या दोन प्रती अस्तित्वात आहेत: एकीत १,००० अधिक, दुसरीत नाहीत. काही वितरक ही वजाबाकी आधीच करून, हार्मोनाइज्ड या नावाने संच देतात. तिथे पुन्हा वजा केले, की चूक उलट्या बाजूने होते. तारीख पाहून निर्णय घेणे पुरेसे नाही. प्रत्येक फायलीच्या नोंदीतली आवृत्ती वाचावी लागते.

दुसरी सेटिंग निर्देशांकातल्या वजाबाकीच्या क्रमाची आहे आणि तिची दिशा नेमकी उलटी आहे. पाण्यावर अवरक्त किरणे शोषली जातात, म्हणून माजलगाव धरणासारख्या जलाशयावर अवरक्तचे मूल्य लालपेक्षा कमी असते. समजा अवरक्त ३००, लाल ५००. वजाबाकी उणे २००. पण १६ बिटांच्या चिन्हविरहित पूर्णांकात ऋण संख्या नसतेच. संगणक ६५,५३६ मधून २०० वजा करून ६५,३३६ हे उत्तर देतो. त्याला ८०० ने भागले की निर्देशांक ८१.६७. निर्देशांकाची मर्यादा उणे १ ते अधिक १ असते.

एक पिक्सेल असा बिघडला तर किती बिघडते? समजा १,००० पिक्सेलांचा, म्हणजे १० हेक्टरांचा तुकडा आहे आणि त्यातले ९९९ पिक्सेल ०.५० वर आहेत. उरलेला एक पाण्याचा. योग्य सरासरी ०.४९९. बिघडलेली सरासरी ०.५८१. एक हजारांश पाण्याने हिरवेपणा १६ टक्क्यांनी वाढला. पाणी एक टक्का असते, तर सरासरी १.३१ झाली असती आणि मर्यादेबाहेरचा आकडा पाहून कोणीही थांबले असते. ०.५८१ पाहून कोणी थांबत नाही. लहान चूक मोठ्या चुकीपेक्षा घातक ठरते, कारण ती शक्यतेच्या चौकटीत बसते. आणि तिची दिशा वाईट आहे: जिथे पीक वाळलेले आहे, तिथे ती पीक बरे असल्याचे सांगते. उपाय एका ओळीचा आहे. वजाबाकीपूर्वी मूल्ये ३२ बिटांच्या दशांश अंकात न्यायची. मेमरी दुप्पट लागते, तीही गणनेपुरतीच. साठवताना पुन्हा १६ बिट.

तिसरी सेटिंग ढगांची. खरिपात ढग असणारच, म्हणून प्रत्येक चित्रासोबत वर्गीकरणाचा एक थर येतो: ४ म्हणजे वनस्पती, ५ म्हणजे उघडी जमीन, ६ म्हणजे पाणी, ८ आणि ९ म्हणजे ढग. हा थर २० मीटरचा आहे. १० मीटरच्या बँडांना लावायचा तर त्याचे बारीक पिक्सेल करावे लागतात. ते करताना शेजारच्या मूल्यांची सरासरी घेणारी पद्धत निवडली, तर ४ आणि ८ यांच्या मध्ये ६ येतो. पीक आणि ढग यांच्या सीमेवर पाणी तयार होते. ढगांचे वर्ग गाळणाऱ्या नियमातून ते सुटते आणि ढगाची कड पिकाच्या सरासरीत मिसळते. वर्ग-क्रमांकांना सरासरी नसते. तिथे सर्वांत जवळचा पिक्सेल घेण्याचीच पद्धत लावायची.

चौथी बाब भूगोलाची आहे. सेंटिनेल-२ ची चित्रे १०९.८ किलोमीटर बाजूच्या चौकटींत कापून मिळतात, पण चौकटींची जाळी १०० किलोमीटरची असते. शेजारच्या दोन चौकटी ९.८ किलोमीटर एकमेकींवर चढतात. या जाळीची एक आडवी रेषा सुमारे १८.९९ उत्तर अक्षांशावरून, म्हणजे बीड शहराजवळूनच जाते. एक उभी रेषा ७५ पूर्व रेखांशावर, आष्टी तालुक्यात. जिल्हा झाकायला किमान ५ चौकटी लागतात. चौकटनिहाय बेरीज करून नंतर एकत्र मिळवली, तर चढणाऱ्या पट्ट्यातली शेते दोनदा मोजली जातात. पट्ट्याच्या दर १०० किलोमीटर लांबीमागे हा दुहेरी हिशेब ९८ हजार हेक्टरांचा होतो, जिल्ह्याच्या ९.२ टक्के.

या ५ चौकटी पूर्ण उतरवून घ्यायच्या का, हाही सेटिंगचाच प्रश्न. एका चौकटीत १० मीटरच्या बँडात १०,९८० गुणिले १०,९८०, म्हणजे १२.०६ कोटी पिक्सेल असतात. पाचांत मिळून ६०.३ कोटी, त्यात बीडचा वाटा १७.७ टक्के. चारही बँड पूर्ण उतरवले, तर हंगामाला १४५ जीबी. १० एमबीपीएसच्या जोडणीवर त्याला सुमारे ३२ तास लागतात. फक्त जिल्ह्याचा भाग मागवला, तर ५.७ तास. क्लाउडसाठी बनवलेल्या टिफ फायलींतून हवा तेवढाच तुकडा वाचता येतो, ही सोय इथे ८२ टक्के वाहतूक वाचवते.

फायलींच्या तुकड्यांचा आकार, ज्याला या कामात चंक म्हणतात, ही सेटिंग आकडा बदलत नाही; ती काम पुरे होईल की नाही, ते ठरवते. २५६ गुणिले २५६ पिक्सेल आणि एक तारीख असा चंक ठेवला, तर बीडच्या एका हंगामाच्या किमान १.९६ लाख फायली होतात, प्रत्येकी १३१ केबी. १,०२४ गुणिले १,०२४ आणि ३० तारखा असा ठेवला, तर ४०८, प्रत्येकी ६३ एमबी. फायलींची संख्या ४८० पटीने घटते. हंगामाचा आलेख काढणाऱ्याला दुसरी मांडणी सोयीची, कारण एका जागेच्या सर्व तारखा एकत्र मिळतात. पण ज्याला फक्त १५ ऑगस्टच्या आसपासचे चित्र हवे, त्याला तिच्यात ३० पट वाचावे लागते. प्रश्न आधी ठरवायचा, चंक नंतर.

मेमरीचा हिशेबही याच आकारातून निघतो. ८ कोअर आणि १६ जीबी मेमरीचा संगणक धरू. २,०४८ गुणिले २,०४८ गुणिले ३० तारखा असा चंक ३२ बिटांत ५०३ एमबीचा होतो. गणनेच्या वेळी लाल, अवरक्त, निर्देशांक आणि मुखवटा लावलेली प्रत अशा चार प्रती एकाच वेळी मेमरीत असतात: २ जीबी. आठही कोअर कामाला लावले, तर १६.१ जीबी. संगणकात १६ आहेत, आणि त्यातले काही ऑपरेटिंग सिस्टिमने आधीच घेतलेले असतात. काम अर्ध्यावर पडते किंवा डिस्कवर सांडते. चंकाची बाजू निम्मी, १,०२४ केली की तोच हिशेब ४ जीबीवर येतो. महाग यंत्र भाड्याने घेण्यापूर्वी हा गुणाकार करून पाहावा. तालुका पातळीच्या सरासरीसाठी बीडला सर्व्हरची गरज नाही, लॅपटॉप पुरतो.

अरुंद साठवा हा सल्ला मात्र एका जागी उलटतो: अंतिम बेरीज. ३२ बिटांच्या दशांश अंकात १,६७,७७,२१६ ही अशी संख्या आहे, की तिच्यात १ मिळवला तरी ती बदलत नाही. एकेक पिक्सेल मोजत जाणारा साधा लूप ३२ बिटांत लिहिला, तर बीडचे १०.६९ कोटी पिक्सेल मोजताना तो १.६८ कोटींवर अडकतो. हेक्टरांत १,६७,७७२. जिल्ह्याचा १५.७ टक्के भाग मोजून झाला, की उरलेला ८४.३ टक्के शून्य होतो. म्हणून गणना ३२ बिटांत, बेरीज ६४ बिटांत.

या सगळ्याचे वजन बीडमध्ये जास्त का, ते तीन नोंदींवरून दिसते. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन नियमावलीत पेरणी क्षेत्र, जमिनीतील ओलावा आणि जलसाठे यांच्याबरोबर उपग्रहावरून काढलेला वनस्पती निर्देशांक हा परिणाम-निदर्शक मानला आहे. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात बीडच्या ११ पैकी ३ तालुके होते: वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई. उरलेले ८ त्या यादीत नव्हते. यादी उंबरठ्यांवर ठरते, आणि उंबरठ्याजवळ ३६ टक्क्यांची सोडाच, ३ टक्क्यांची चूकही तालुका आत किंवा बाहेर करते.

दुसरी नोंद विम्याची. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत खरीप २०२३ पासून भात आणि गव्हासाठी, आणि खरीप २०२४ पासून सोयाबीनसाठी, उत्पन्नाच्या अंदाजात तंत्रज्ञानाधारित आकड्याला किमान ३० टक्के भार दिला आहे. सोयाबीन हे बीडच्या खरिपाचे मुख्य पीक. तंत्राधारित आकडा १० टक्के चुकला, तर एकत्रित उत्पन्न ३ टक्के हलते. उत्पन्न उंबरठ्याजवळ असेल आणि विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये धरली, तर ३ टक्के म्हणजे हेक्टरी १,५०० रुपये. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार राज्यातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर आहे. तेवढ्या शेतावर २,०१० रुपये. प्रत्येक कुटुंबासाठी ही रक्कम खरी आहे, मग चूक हवामानाची असो वा सेटिंगची.

तिसरी नोंद बीडच्याच नावाची. खरीप २०२० पासून इथे राबवलेल्या पीक विम्याच्या ८०-११० सूत्रात नुकसानभरपाई हप्त्याच्या ८० टक्क्यांखाली राहिली, तर कंपनी २० टक्क्यांपर्यंत ठेवून बाकी परत करते, आणि ११० टक्क्यांवर गेली तर वरचा भार राज्य उचलते. या दोन रेषांच्या आसपास भरपाईचा आकडा एक-दोन टक्क्यांनी हलला, तरी पैसा कोणाच्या खिशातून जाणार, ते बदलते.

१.३४ हेक्टर म्हणजे १३४ पिक्सेल. चौरस शेत धरले तर बाजू ११६ मीटर, साडेअकरा पिक्सेल. कडेचे पिक्सेल शेजारच्या बांधाचे किंवा दुसऱ्या पिकाचे असतात. ते वगळले तर जेमतेम ९० उरतात. एक तृतीयांश डेटा सीमेवर जातो. २००० पासूनचा इतिहास असलेल्या मोडिस संवेदकाचा २५० मीटरचा पिक्सेल ६.२५ हेक्टरांचा, त्यात अशी साडेचार शेते मावतात. म्हणून तालुक्याचा कल पाहायला मोडिस किंवा २० मीटरचा सेंटिनेल चालतो, त्यात साठा चौथाई होतो. शेतनिहाय निर्णय घ्यायचा असेल तर १० मीटरहून मोठ्या पिक्सेलची तडजोड नाही. एकाच पाइपलाइनमध्ये दोन्ही प्रश्नांना एकच रिझोल्यूशन लावणे ही काटकसर नव्हे.

माझे मत असे, की तालुक्यांचे ३३० आकडे जिथे प्रसिद्ध होतील, तिथे पाइपलाइनची सेटिंग-फाइलही प्रसिद्ध झाली पाहिजे: अंकांचा प्रकार, १,००० ची वजाबाकी, मुखवट्याची पद्धत, चौकटी जोडण्याचा नियम, नकाशाचे प्रक्षेपण. सगळे मिळून काही शे बाइट. शेतकऱ्याला ती वाचता येणार नाही, पण त्याच्या बाजूने ती वाचणारे अंबाजोगाईच्या किंवा बीडच्या महाविद्यालयात सापडतील.

तोपर्यंत कोणालाही करता येईल अशी एक तपासणी आहे. ११ तालुक्यांचे पिक्सेल, ढगाळ धरून, मोजा आणि १०० ने भागा. उत्तर हेक्टरांत येईल. बीड यूटीएमच्या ४३ व्या पट्ट्यात येते, तिथे प्रक्षेपणामुळे क्षेत्रफळात पडणारा फरक ०.०८ टक्क्यांपेक्षा जास्त नसतो, म्हणजे १०,६९,३०० मागे सुमारे ८५५ हेक्टर. त्यात तालुक्याच्या सीमारेषांचा थोडा फरक धरा. उत्तर ९ टक्क्यांनी जास्त आले, तर चढणारा पट्टा दोनदा मोजला गेला आहे का, ते आधी पाहा. सुमारे १२ टक्क्यांनी जास्त आले, तर कोणीतरी वेब नकाशांचे मर्केटर प्रक्षेपण तसेच ठेवले आहे. १९ अंश अक्षांशावर ते बीडला सव्वा लाख हेक्टरांहून अधिक जमीन कागदावर देते. आणि उत्तर १,६७,७७२ आले, तर बेरीज ३२ बिटांत अडकली आहे.